सातवा हॉर्न

फॉर्म संध्याकाळी सहाला बंद होणार होता, तिसरा चहा झाला होता, आणि अप्पा अजून चौदाव्या रकान्यातच अडकले होते. ‘हॉर्न: मूळ / त्याच काळातील / आधुनिक.’ तिन्हीपैकी एकावर खूण करायची, एवढंच काम. पण त्या एका खुणेपायी आमच्या घरात दोन आठवडे आमटी गार होत होती.

अप्पा भूमापन खात्यात आहेत. आधीचे तेरा रकाने त्यांनी शेताचा उतारा लिहावा तसे भरले होते. इंजिन मूळ. चाकं मूळ. दिवे त्याच काळातले. पणजोबांची, म्हणजे बाळाचार्य वकिलांची, १९३७ ची मॉरिस सहा वर्षांच्या खटपटीनंतर केलगेरीच्या आमच्या शेडमध्ये अशी उभी होती की तिच्या दारात बघून आई टिकली लावत होती. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी धारवाडहून हुबळीला जाणार होती. हॉर्न मूळ असला, निदान त्या काळातला असला, तर आमची गाडी ‘अस्सल’ गटात. नाहीतर ‘हौशी’ गटात, जिथं लोक जीपच्या नाकावर चांदीचा सिंह बसवून आणतात.

पण खरं भांडण चौदाव्या रकान्याचं नव्हतंच. ते त्याच्या खालच्या चौकोनाचं होतं. ‘गाडीचा इतिहास, शंभर शब्दांत. स्मरणिकेत छापला जाईल.’ अप्पांनी तो आठ वेळा लिहून, खोडून, शब्द मोजून बसवला होता, आणि त्यात मधोमध हे वाक्य होतं: ‘१९५१ साली वकीलसाहेबांचे चिरंजीव शेषगिरी यांनी, वय वर्षे तेरा, गाडीचा मूळ हॉर्न काढून केलगेरीच्या तळ्यात टाकला.’

चिरंजीव शेषगिरी म्हणजे माझे अज्जा. आता वय वर्षे शहाऐंशी, गणिताचे निवृत्त मास्तर, आणि त्या दुपारी शेडच्या दारातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यांनी अप्पांना एकदाच विचारलं होतं, “सुमंत, त्या वाक्याशिवाय गाडी धावत नाही का?” अप्पा म्हणाले होते की इतिहास हा इतिहास असतो. त्यावर अज्जांनी रविवारी आपण गदगला जाणार असल्याचं जाहीर केलं. गदगला आमचं कुणीही नाही.

या वाक्याचं आमच्या घराण्यात काय स्थान आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. चष्मा सापडेना, ‘शेषूला विचारा, तळ्यात असेल.’ रिमोट सापडेना, तळं. माझी कंपासपेटी हरवली तेव्हा मी दुसरीत होते, तर वर्गातून घरी येऊन मीच म्हणाले होते म्हणे, की अज्जांनी टाकली. बेळगावच्या सरस्वतीकाकू, अप्पांच्या चुलतबहीण, आम्ही पोरं त्यांना काकूच म्हणतो, प्रत्येक लग्नात दुसऱ्या पंगतीला ही गोष्ट नव्या सुनांना सांगतात, पोहणाऱ्यांच्या हातवाऱ्यांसकट. नव्या सुना हसतात. अज्जाही हसतात आणि ताक मागतात.

त्यांची बाजू त्यांनी मला एकदाच सांगितली होती, गणित शिकवताना, वर्तुळ आणि स्पर्शिका यांच्या मधे. एका सकाळी गाडीचा हॉर्न नाहीसा झालेला आढळला. बाळाचार्यांनी ड्रायव्हरला विचारलं, गड्याला विचारलं, आणि शेषूला सगळ्यांत जास्त विचारलं, कारण गाडीला हात लावतो म्हणून शेषूला आधीच दोनदा मार बसलेला होता. तीन दिवस छडी चालली. तिसऱ्या दिवशी शेषूने हिशेब मांडला: ‘मी नाही घेतला’ म्हटल्याने मार थांबत नाही. ‘घेतला’ म्हटलं, तर ‘आण’ म्हणणार. तेव्हा जिथून आणता येणार नाही अशी जागा पाहिजे. म्हणून तळं. पुढं मास्तर होणारा मुलगा, पायरी पायरीने बरोब्बर गेला, फक्त वडिलांना विसरला. बाळाचार्यांनी दोन पोहणारे तळ्यात उतरवले. एक तांब्या निघाला, कुणाची तरी चप्पल निघाली, हॉर्न काही निघाला नाही, आणि त्याबद्दल पुन्हा छडी.

“एकदा कबूल केल्यावर मग ‘मी नव्हतोच’ म्हणायचं कुठल्या तोंडाने, भार्गवी,” अज्जा म्हणाले होते. “पुढचं उदाहरण घे.”

मी तेव्हा पुढचं उदाहरण घेतलं. आता मी दहावीत आहे, आणि यंदा मला एक गोष्ट कळली आहे, ती अशी की मोठ्या माणसांना मधेच थांबवलं तरी आभाळ पडत नाही.

तीन वाजता श्रीनिधीकाकांची गाडी आत आली. श्रीनिधीकाका अप्पांचे आतेभाऊ. हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात साड्यांचं दुकान आहे, आणि तिथं आयुष्य गेल्यामुळे घरातल्या माणसालाही ते गिऱ्हाईक समजूनच बोलतात. मागच्या सीटवर त्यांच्या आई, वेणूअज्जी, माझ्या अज्जांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याऐंशी. आणि डिकीत गोणपाटाचं एक पोतं. दुकानाच्या मागच्या गल्लीत जुनं लोखंड विकणारा एक जण आहे, त्याच्याकडे होते नव्हते तेवढे हॉर्न काकांनी उचलून आणले होते. नवरीकडच्यांना दाखवायला गठ्ठाच्या गठ्ठा न्यावा तसे.

“यातला एखादा बसेल की, सुमंत,” काका म्हणाले. “आणि नाही बसला तर हा आहेच.”

हा म्हणजे पितळेचा, रबरी फुग्याचा, भोंप-भोंप वाजणारा. तो त्यांनी पोत्यात न घालता मांडीवर घेऊन आणला होता. काकांचं म्हणणं असं की रविवारी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या हजार माणसांना व्होल्ट कळत नाहीत, जुनी गाडी म्हटलं की त्यांना भोंप-भोंप लागतं. सटवाजी मिस्त्रींनी मान डोलावली. ते सुभाष रोडच्या मागच्या बोळात गाड्यांच्या वायरी बघतात, आणि त्यांचं तत्त्व एकच आहे, वाजला म्हणजे हॉर्न. आईसुद्धा काकांच्या बाजूने गेली. तिला फक्त शेड झाडून हवी होती.

अप्पा एकटे पडले, म्हणून मी अप्पांच्या बाजूने उभी राहिले. १९३७ च्या गाडीवर तो फुगा लावणं म्हणजे अप्पांच्या लग्नाच्या फोटोत अप्पांना पगडी घालण्यासारखं आहे, मी म्हणाले. जुनं आहे म्हणून बरोबर होत नाही, फुगा गाडीपेक्षाही जुन्या काळातला आहे. त्या वर्षी गाड्यांना विजेचे हॉर्न होते. काका माझ्याकडे बघून आईला म्हणाले की ही पोरगी मागच्या दिवाळीत पाहुण्यांसमोर तोंड उघडत नव्हती, हिला काय दिलंत.

हॉर्नचं सगळं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकले. इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात असे कितीतरी आजोबा आहेत जे उठल्या उठल्या एकमेकांना हॉर्नच्या पाठीचे फोटो पाठवतात. मी त्यांच्यात घुसले. ते मला ‘सर’ म्हणतात. त्यांनी शिकवलं ते इतकंच: आवाजावर जाऊ नकोस, चकाकीवर तर मुळीच जाऊ नकोस, वस्तूला तिचं वय विचार. आमच्या गाडीची वीज सहा व्होल्टची, तेव्हा बारा व्होल्टचा आला की बाद. १९३८ च्या फोटोत पणजोबांच्या कोपराशेजारी हॉर्न दिसतो, बशीसारखा चपटा, कडेने सहा स्क्रू. तेव्हा शंखासारखी नळी असली की बाद. आणि शेवटचं, कडेवर बारीक आकडे ठोकलेले असतात, महिना आणि वर्ष. ते भिंगातून वाचायचे.

मी जमिनीवर सतरंजी टाकली, सगळ्यांना मागं सरकवलं आणि पोत्यात हात घातला. एकेक हॉर्न जुन्या कन्नड वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. पहिला ट्रकचा निघाला, जोडनळीचा. सटवाजींनी तो हौसेने बॅटरीला लावून बघितला आणि शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर आली. दुसरा स्कूटरचा. दुकानदाराने दोन्ही ‘प्युअर ब्रिटिश’ म्हणून दिले होते आणि काकांना ते अजून थोडं थोडं खरं वाटत होतं. तिसऱ्याला मी सतरंजीवर पुढं सरकले, कारण चपटा होता, स्क्रू सहा होते, पण भिंगातून ५८ दिसलं, आणि खाली बारा व्होल्ट. प्रत्येक वेळी मागून अज्जांचा आवाज यायचा:

“मागं बघितलंस का? कडेला?”

मी म्हणायची, बघितलं अज्जा, ५८ आहे. ते म्हणायचे बरं. पण त्यांना आकडे नको होते, एवढं मला कळत होतं. आकडे सांगूनही ते मान लांब करून हॉर्नची पाठ बघून घ्यायचे. चौथा बाद. पाचवा सहा व्होल्टचा, चपटा, पण मोटारसायकलचा आणि वर्ष ५२. अप्पांनी घड्याळ बघितलं. सव्वाचार. ते म्हणाले की हा लावू आणि ‘आधुनिक’वर खूण करू, तळ्याचं वाक्य आहेच, परीक्षकांना कारण कळेल. काका म्हणाले मग फुगाच लावा, तो तरी दिसायला बरा आहे. सहाव्याला शंखाची नळी. काकांनी पोतं उलटं करून झटकायला घेतलं, आणि सातवा बाहेर पडला.

तो वर्तमानपत्रात नव्हता. जुन्या परकराच्या कापडात बांधलेला होता, गाठ मारून. कापड सुटताच खोबरेल तेलाचा वास आला. चपटा. सहा स्क्रू. सहा व्होल्ट. मी भिंग लावलं आणि दोनदा वाचलं, कारण अशा वेळी डोळे आपल्याला हवं तेच वाचतात. चार. सदतीस.

“मागं बघ,” अज्जा म्हणाले. ते बाकावरून उठले होते. “हॉर्न धरणाऱ्या पट्टीच्या खाली, कडेला.”

मी उलटा केला. तिथं ठिपक्या ठिपक्यांची अक्षरं होती, आमच्या तांब्या-पराती-घागरींवर असतात तशीच: ‘बाळाचार्य, धारवाड, १९३७.’

गाडी आली त्या वर्षी त्यांच्या थोरल्या भावाची मुंज होती, अज्जांनी सांगितलं, त्यांचे डोळे त्या अक्षरांवरून हलत नव्हते. भांड्यांवर नावं घालणारा घरी बसला होता. बाळाचार्यांनी त्याला गाडीवरही नाव घालायला सांगितलं. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिच्यात परातीसारखी गोल वस्तू एकच सापडली, तिच्या पाठीवर सवयीच्या हाताने नाव घातलं आणि दक्षिणा घेऊन गेला. पुढं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. दुर्गदबैलला गेलं की अज्जा जुन्या लोखंडाच्या ढिगापुढे उभे राहायचे आणि आम्हाला वाटायचं यांना खिळे हवेत. त्र्याहत्तर वर्षं ते हॉर्न उलटे करून बघत होते.

शेडमध्ये सगळेच एकदम बोलायला लागले. अप्पांनी ‘मूळ’वर खूण केली, इतक्या जोरात की लॅपटॉप सरकला. काकांनी जाहीर केलं की आपली पारख अशीच असते. सटवाजींनी हॉर्न फडक्याने पुसून गाडीच्या पुढच्या दांडीवर बसवायला घेतला. आणि अज्जा अप्पांच्या मागं जाऊन उभे राहिले, पडद्यावरचं ते वाक्य कधी पुसलं जातं ते बघायला.

अप्पांनी वाक्य पुसलं नाही. वाढवलं. “‘तळ्यात टाकला. तोच हॉर्न यंदा दुर्गदबैल येथे सापडला.’ बघा, शंभर शब्द बरोब्बर होतात.”

अप्पांच्या मनात तेव्हा खरंच काही वाईट नव्हतं. नंतर मी त्यांना विचारलं, तर म्हणाले की मला फक्त आकडा शंभर दिसत होता. काकांनी लगेच दुजोरा दिला: कुणीतरी गाळ उपसताना काढला असेल, भंगारात दिला असेल, फिरत फिरत आपल्या हातात आला, ही देवाची लीला, मामा. सरस्वतीअक्काला फोन करा, तिची गोष्ट पुरी झाली.

अज्जा परत बाकावर जाऊन बसले. मला कधी नव्हे ते त्यांचं वय दिसलं. हॉर्न सापडला होता आणि तरीही ते तळ्यातून बाहेर आले नव्हते.

“थांबा,” मी म्हणाले. पाण्यात पडलेल्या वस्तूला गंज हवा. याच्या आतल्या तारेवरचा कापसाचा दोरासुद्धा शाबूत आहे. सटवाजींनी मान वर न करता सांगितलं की तळ्यात हा चार पावसाळेही टिकला नसता, हा तेलात राहिलाय. काका म्हणाले दुकानदाराने लावलं असेल तेल. मग आईने, जिला फक्त शेड झाडून हवी होती, खाली वाकून परकराचं कापड उचललं. त्यात अजून काहीतरी बांधलेलं होतं. कुंकवाचा लाकडी करंडा. उघडला तर आत हॉर्नच्या पट्टीचे दोन स्क्रू, दोन नट, दोन वायसर.

“भंगारवाला स्क्रू जपून ठेवत नाही, भावजी,” आई म्हणाली. “किती हॉर्न घेतले होते तुम्ही?”

काकांनी बोटं मोजली. सहा. फुगा वेगळा. त्यांनी पुन्हा मोजली.

आई कुणाकडे बघते आहे ते बघून मीही बघितलं. वेणूअज्जी खुर्चीत बसून बशीत चहा ओतत होत्या. चहा केव्हाच संपला होता.

“बघताय काय,” त्या म्हणाल्या. “माझाच करंडा आहे.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग त्या बोलल्या ते कुणालाही उद्देशून नव्हतं, गाडीला उद्देशून होतं.

“दोनदा वाजला की वेणू. असा नियम होता. वडील कोर्टातून आले की फाटकाबाहेर गाडी थांबायची, हॉर्न दोनदा, आणि मी धावत जाऊन फाटक उघडायचं. गडी असला तरी मीच. त्यांना आवडायचं, पोरगी धावत येते ते. मी मॅट्रिकला होते. भूमिती काढायला बसले की साडेसहाला हॉर्न. परत आले की पेन्सिल सापडायची नाही, प्रमेय सापडायचं नाही. एका रात्रीत नाही ठरवलं. महिनाभर ड्रायव्हरचा पाना कुठं असतो ते बघत होते.”

काका “अम्मा” म्हणाले.

“शेषूला मार बसला तेव्हा सांगणार होते. पहिले दोन दिवस भीत होते. ते सगळ्यांना विचारत होते, म्हटलं मला विचारलं की सांगते. ड्रायव्हरला विचारलं, गड्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मला विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी मला राग आला. पोरीला पाना धरता येत असेल असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, शेषू, आजपर्यंत नाही. आणि मग तू तळं सांगितलंस. आता तू कबूल झालास तर मी काय करू?”

त्या वर्षी त्या धारवाडात पहिल्या आल्या होत्या. लग्नात ट्रंकेच्या तळाशी हॉर्न हुबळीला गेला. दर नागपंचमीला तेल लावायच्या, कारण फेकवेना. मागच्या आठवड्यात अप्पांनी फोनवरून त्यांना इतिहास वाचून दाखवला, तसा त्यांचा जीव उडाला. लोक तोंडाने बोलतात ते वाऱ्यावर जातं, पण हे छापलं जाणार होतं. म्हणून सकाळी काका पूजेला बसले असताना त्यांनी डिकी उघडून पोत्यात सातवा सरकवला. हॉर्न सापडेल, वाक्य जाईल, कुणी कुणाला विचारायला नको. सुमंत त्याच वाक्याला शेपूट जोडेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

अज्जा बहिणीकडे वळले. मला वाटलं आता ते छडीबद्दल बोलतील, किंवा सरस्वतीकाकूंच्या साठेक पंगतींबद्दल.

“मला सांगायचंस, अक्का,” ते म्हणाले. “मी उघडलं असतं फाटक.”

वेणूअज्जींनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला, आणि म्हणाल्या की ते तेव्हा सुचलं नाही. यावर अज्जा हसले. आधी थोडं, मग खांदे हलेपर्यंत. पण हसून झाल्यावर त्यांनी बोट वर केलं, वर्गात करायचे तसं. वाक्य पुसून चालायचं नाही, ते म्हणाले. वाक्य सुमंतने पुसावं, पण गोष्ट सरस्वती सांगते, आणि तिच्या तोंडाला रबर नाही. तिला अक्काने स्वतः सांगायचं. आत्ता.

अप्पांनी दबक्या आवाजात पाच वाजून वीस मिनिटं झाल्याचं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. तोवर सटवाजींनी हॉर्न घट्ट बसवून तार जोडली होती. बटण दाबलं. तो वाजला, घोगरा, जुन्या घरातल्या एखाद्या थोरल्या माणसाने खाकरावं तसा, आणि वेणूअज्जी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या परत बसल्या, आणि कुणी बघितलं नाही ना म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं. मी बघितलं होतं.

मी बेळगावला व्हिडिओ कॉल लावला. सरस्वतीकाकूंचं आधी कपाळ आलं, मग चष्मा, मग सगळ्या. वेणूअज्जींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं: हॉर्न, भूमिती, पाना, ट्रंक. काकूंनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आत्या, किती हो मोठं मन तुमचं,” काकू म्हणाल्या. “या वयातसुद्धा भावाला पाठीशी घालताय. आम्हाला ठाऊक आहे, शेषूकाकांनीच टाकला. तुम्हाला कुठलं जमतंय ते.”

काका म्हणाले, होगली बिडु, जाऊ दे अम्मा. अप्पा म्हणाले की साडेपाच झाले. अज्जांनी फक्त हात असे पसरले की बघा, हे असं आहे, मी इतकी वर्षं काय सोसतोय ते बघा.

वेणूअज्जींनी पदर कमरेला खोचला.

“सटवाजी, पाना द्या.”

मिस्त्री म्हणाले अव्वा, आत्ताच बसवलाय. अज्जींनी हात पुढं केला तो मागं घेतला नाही. मिस्त्रींनी पाना दिला, अर्ध्या इंचाचा. त्यांनी तो हातात तोलून बघितला आणि परत देऊन त्याच्या खालचा मागितला. मी पाट आणला, त्या गाडीच्या नाकासमोर बसल्या. फोन अज्जांनी धरला. ते स्वतःही वाकून वाकून बघत होते म्हणून बेळगावला सगळं भूकंपासारखं दिसत होतं, आणि काकू सारख्या जवळ न्या, जवळ न्या म्हणत होत्या. अज्जींनी आधी तार सोडवली. मग डावा नट, बोटाने टेकू देऊन, म्हणजे हॉर्न एकदम लोंबकळायचा नाही. काका दर दहा सेकंदांनी मदत करू का विचारत होते. आईने त्यांचा दंड धरून ठेवला होता. उजवा नट जरा अडला. अज्जींनी पान्याच्या दांड्यावर तळहात ठेवला, दम घेतला आणि एकच झटका दिला. नट सुटला.

हॉर्न त्यांच्या मांडीत आला. त्यांनी स्क्रू, नट, वायसर उचलून सवयीने एका जागी ठेवले आणि मग फोनकडे मान वर केली. कपाळावर ग्रीसचा एक ओरखडा होता.

पडद्यावर काकूंचं परत नुसतं कपाळ उरलं होतं. अज्जांना वाटलं कॉल अडकला, म्हणून त्यांनी फोन हलवला.

“साडेचार मिनिटं लागली,” अज्जा फोनमध्ये म्हणाले. “आणि मला तीन दिवस मारलं होतं.”

“शेषूकाका,” सरस्वतीकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता. “येत्या गुरुवारी आमच्या रोहितचं लग्न आहे. पंगतीत आता मी काय सांगू?”

“हेच सांग,” अज्जा म्हणाले. “पण अर्ध्या इंचाच्या खालचा पाना. ते चुकवू नकोस.”

अप्पा लॅपटॉपपाशी धावले. वाक्य सगळं पुसलं, नवं लिहायला घेतलं. ‘१९५१ साली वकीलसाहेबांच्या कन्या वेणूबाई यांनी, वय वर्षे पंधरा,’ आणि तिथं त्यांनी वर बघून विचारलं, खेळता खेळता लिहू ना? वेणूअज्जी म्हणाल्या, ‘विचारपूर्वक’ लिही. शब्द एकशे तीन झाले. अप्पांनी आपल्या स्वतःच्या सहा वर्षांच्या मेहनतीचं वाक्य उडवून टाकलं.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी अप्पांच्या ध्यानात आलं की फॉर्मसोबत गाडीचा पुढून काढलेला फोटो लागतो. हॉर्नसकट. सगळ्यांची नजर गाडीच्या नाकावर गेली, तिथं नुसती दांडी होती, आणि मग अज्जींच्या मांडीवर. अप्पा घाम पुसत म्हणाले, “आत्या, चटकन परत बसवा ना तेवढा.”

वेणूअज्जींनी पाना सटवाजींच्या हातात ठेवला.

“ते त्यांना सांग,” त्या म्हणाल्या. “बसवायचं मी कधी शिकलेच नाही.”